पश्चिमेच्या वाऱ्यातली शिट्टी

मित्रांनो, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका उघड्या टेकडीवर उभी असलेली मी एक जुनी पवनचक्की आहे. माझ्या आवाजाबद्दल आजवर सगळे बोलले. आता मलाही बोलू द्या.

मी मुकी नाही. फिरताना माझी पाती हूश हूश करतात. किलोमीटरभर लांबच्या घरात तो आवाज जेमतेम फ्रिजच्या घरघरीएवढा पोचतो. माझे चाहते म्हणतात, ‘काहीच ऐकू येत नाही.’ विरोधक म्हणतात, ‘विमानच डोक्यावर!’ दोघांचंही ऐकून मी चडफडते.

तीन वर्षांपूर्वी माझ्यावर वीज पडली आणि एका पात्याच्या टोकाला भोक पडलं. तेव्हापासून पश्चिमेचा वारा सुटला, की त्यातून कर्कश शिट्टी वाजायची. ती थेट एनिड ट्रेलोर या मेंढ्या पाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात शिरायची.

मी शेजारच्या क्लेम पॅस्कोच्या जमिनीवर उभी आहे. एनिडबाईंनी त्याच्याकडे शिट्टीची तक्रार केली, तेव्हा तो हसला. “एनिड, चुलीवरची किटली उतरव आधी. तीच शिट्ट्या मारतेय!”

“चाळीस वर्षं तुझ्या मेंढ्यांची लोकर कातरायला येतेय मी, क्लेम. कधी खोटं बोलले का?”

त्यानंतर त्यांचं बोलणंच तुटलं.

मला चालवणाऱ्या कंपनीची माणसं आवाज मोजायला तीनदा आली. तिन्ही वेळा वारा पडलेला. मी जागची हललेही नव्हते आणि त्यांनी लिहिलं, ‘आवाज नाही.’ अहो, थांबलेल्या चक्कीचा कसला आवाज मोजता? मला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही मला वाराच लागतो!

चौथ्यांदा टॅम्सिन नावाची तंत्रज्ञ आली. ती एनिडबाईंच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. “वारा सुटेपर्यंत मी हलत नाही.”

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि शिट्टी घरात घुमली. तिने हातातला कप खाली ठेवला. “हे कधीपासून चाललंय?”

“तीन वर्षं. इथे बसून ऐकणारी तूच पहिली.”

टॅम्सिनने दोराला लटकून ते भोक बुजवलं. पण तोवर एनिडबाईंनी घर विकून टाकलं होतं.

त्या निघाल्या, त्या दिवशी क्लेम सामान उचलायला आला. पश्चिमेचा वारा सुटला होता. दोघं व्हरांड्यात थांबले. नुसतं हूश, हूश.

“एवढाच आवाज असता, तर मी कशाला गेले असते रे?” एनिडबाई म्हणाल्या.

क्लेमने टोपी काढली. 

मित्रांनो, मला शिव्या द्या नाहीतर माझं कौतुक करा. पण कुणी त्रास होतोय म्हणालं, तर आधी त्याच्या घरी जाऊन, वारा असताना, ऐका.