सासऱ्यांसाठी घेतलेले टायर

माझ्या सासऱ्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या खोलीत, सोमवारी संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांतल्या निम्म्यांना गाडी धड मागे घेता येत नाही. पण टायर या विषयावर त्यांच्याइतके अधिकारी पुरुष अख्ख्या कुवेतमध्ये सापडायचे नाहीत. हे मला माझ्या मेहुण्यानं, बर्राकनं, चहाचा पेला खाली ठेवत एक साधा प्रश्न विचारला तेव्हा कळलं.

"गाडीला नवे टायर घालायचेत," तो म्हणाला. "रस्ता घट्ट धरून ठेवतील असे. कोणते घेऊ?"

बस्स. गेले तीन आठवडे ज्यांची आपापसांत बोलचाल बंद होती तेही एकमेकांवर ओरडायला लागले.

बर्राकची गाडी अमेरिकन, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. इंजिन सुरू केलं की गल्लीत नुकती झोपवलेली पोरं जागी होतात आणि त्यांच्या आया खिडकीतून बर्राकच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. हिवाळ्यातल्या एका पावसात हा वडिलांना घेऊन कुणाच्या तरी मयताला निघाला होता. सहकारी भांडारासमोरच्या चौकात गाडीनं एक सुरेख गिरकी घेतली आणि ती फुटपाथला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक धावले, त्यांनी सासऱ्यांना बाहेर काढलं, मुंडाशावरचं काळं कडं चिखलातून उचलून दिलं. त्या दिवसापासून सासरे मुलाच्या गाडीत बसलेले नाहीत.

ते माझ्या गाडीत बसतात. माझी गाडी म्हणजे सात जणांची उंच पेटी आहे. तिला दुधाचा आणि बिस्किटांचा वास येतो आणि वेग वाढवला की ती दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकते. पण सासरे मोठ्या डौलानं तिच्यात चढतात आणि डौलानं उतरतात. ज्या दिवाणियात जाऊ तिथं लोक बघतात की मुत्लक साहेब, विमानतळाच्या अग्निशामक दलाचे निवृत्त अधिकारी, जावयाच्या गाडीतून आले. मला यात काय वाटायचं हे लपवण्यात अर्थ नाही. माझी छाती फुगायची. बर्राकचा चेहरा पडायचा आणि माझी छाती आणखी थोडी फुगायची.

ईद जवळ आली होती. ईदच्या सकाळी नमाज झाला की सगळं खानदान बर्राकच्या थोरल्या काकांच्या दारात जमतं, आणि तिथं बाप मुलाच्या गाडीतून उतरतो, जावयाच्या नाही. बर्राकला एवढंच हवं होतं. तो कोणापाशी बोलला नव्हता, पण तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"जपानी घे," शम्लान म्हणाला. हा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याची गाडी घर ते बेकरी एवढाच प्रवास करते. "जपानी रबर उन्हाला दाद देत नाही."

"जपानी टायर म्हणजे निव्वळ दगड!" घानिम मास्तर उसळले. हे निवृत्त व्याकरणशिक्षक. "फ्रेंच घे, लेका. मऊ असतात. रस्त्याला बिलगतात."

"मास्तर, तुमची गाडी तर गेल्या वर्षापासून बंद आहे."

"गाडी बंद आहे, डोकं नाही!"

यानंतर जर्मनांची बाजू घेणारे उठले, मग इटालियनांची. कुणीतरी म्हणालं की टायरमध्ये साधी हवा भरतोस तिथंच चुकतं. कुणी म्हणालं, शर्यतीचे घे, ज्यांना खाचाच नसतात. दुसरा म्हणाला, हो, म्हणजे पुढच्या पावसात थेट समुद्रात. या सगळ्यात सासरे कोपऱ्यात बसून जपमाळेचे मणी सरकवत होते.

"काका, तुम्ही तरी बोला," मी म्हणालो.

"टायर गोल असावेत," सासरे म्हणाले आणि कॉफीचा पेला हलवून 'पुरे' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी बर्राकनं मला शुवेखच्या औद्योगिक भागात ओढत नेलं. मला का? कारण माझ्याकडून तो सल्ला घेत नव्हता. तीन दुकानं हिंडून आम्ही अबू नादिरच्या दुकानात पोचलो. हा सीरियन गृहस्थ इतकी वर्षं टायर विकतोय की गिऱ्हाइकाची चाल बघून त्याचा खिसा ओळखतो.

"रोजच्या वापराला की शर्यतीला?" त्यानं विचारलं.

"वडिलांसाठी," बर्राक म्हणाला.

अबू नादिरनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "माशाल्ला. वडील शर्यतीत उतरतात?"

मी हसू दाबायला चाकांच्या रिमांच्या ढिगाकडे तोंड फिरवलं. बर्राकला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं प्रत्येक टायरवरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष मोबाईलच्या उजेडात तपासलं, बाजारात मासळी घेताना कल्ले उघडून बघतात तसं. मऊ रबर किती मऊ, नख रुततं का, खाचा किती खोल, पाणी कुठून बाहेर जाईल, सगळं विचारून झालं. अबू नादिरनंही हातचं राखलं नाही. जितकं मऊ तितकी पकड आणि तितकीच लवकर झीज, हे त्यानं सांगितलं. खाचा कमी असल्या तर कोरड्यात राजा आणि ओल्यात भिकारी, हेही सांगितलं.

"तुला पकड हवी आणि पाऊसही हवा," तो म्हणाला. "मग हे घे. मऊ आहेत, पण खाचा पोटभर. एकच खोड. रस्त्यावरची खडी उचलतात. खालून टकटक ऐकू येईल. घाबरू नकोस."

तेवढ्यात बर्राकनं शम्लानला फोन लावला, कारण दिवाणियात सल्ला मागितल्यावर तो न पाळता टायर घेणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. शम्लाननं जपानी असल्याची खात्री करून घेतली. मग मास्तरांना फोन. मास्तरांना मऊ आहेत असं सांगितलं. ज्याला जे ऐकायचं होतं ते ऐकवलं गेलं आणि सगळ्यांनी तेच टायर स्वतःच सुचवले असं मानलं. शेवटी आकडा ऐकून मीच तो पुन्हा एकदा विचारून घेतला. बर्राकनं पापणीसुद्धा हलवली नाही.

पुढचे काही आठवडे या माणसानं जे केलं ते शहाण्यानं करू नये. एका मोकळ्या मैदानात त्यानं पाण्याचा टँकर बोलावून जमीन भिजवली आणि तिच्यावर भरधाव गाडी आणून ब्रेक दाबले. कुठं सरकते का बघ, कुठं गिरकी घेते का बघ. मित्राकडून त्याचं चित्रण करून घेतलं आणि सोमवारी ते मोबाईलवर सगळ्यांना फिरवून दाखवलं. मंडळींनी माना डोलावल्या. मोबाईल सासऱ्यांपर्यंत पोचला. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत बघितलं.

"पाणी वाया घालवलंस," ते म्हणाले.

बर्राकचे कान लाल झाले. पण तो हटला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, ईदला तुम्ही माझ्या गाडीतून यायचं. आता ती सरकत नाही. मी जीव देईन पण ती सरकणार नाही."

भरल्या बैठकीत मुलाला नाही म्हणणं हा मुलाचा अपमान, आणि सासरे कितीही तिरसट असले तरी तेवढे नव्हते. त्यांनी मणी सरकवले. मग माझ्याकडे बघितलं.

"जावईबापूही येतील," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, बघा. मुलाच्या गाडीत बसायचं तरी यांना जावई लागतो.

ईदच्या सकाळी मी मागच्या सीटवर दुमडून बसलो. त्या गाडीची मागची सीट म्हणजे बनवणाऱ्यांनी केलेली थट्टा आहे. गुडघे हनुवटीला आणि डोकं छताला. सासरे पुढं बसले. बसले म्हणण्यापेक्षा पडले, कारण ती सीट इतकी खाली आहे की माणूस आपोआप तळाला पोचतो. नवा पांढरा पायघोळ दिशदाशा, इस्त्रीचं मुंडासं, अत्तराचा वास. बर्राकनं आरशात स्वतःला बघून घेतलं आणि निघाला.

आणि खरं सांगतो, गाडी अप्रतिम चालली. पहाटे शिंतोडे पडून गेले होते, रस्ता ओला होता, पण तोच भांडारासमोरचा चौक तिनं असा पार केला की मांडीवरच्या पेल्यातलं पाणी सांडलं नसतं. खालून खडी टकटक वाजत होती. बर्राकच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला पहिल्यांदाच त्याचा हेवा वाटला.

थोरल्या काकांच्या फाटकापाशी सगळे उभे होते. काका, चुलतभाऊ, सुना-नातवंडं, हातात धुपाटणं घेऊन कुणीतरी, आणि खास टायर बघायला आलेले शम्लान आणि मास्तर. बर्राकनं गाडी नेमकी फाटकासमोर उभी केली.

"अजून एक चक्कर मार," सासरे म्हणाले.

बर्राकला आभाळ ठेंगणं झालं. "आवडली ना, बाबा?" त्यानं गाडी वळवली आणि आम्ही अख्ख्या वस्तीला वळसा घालून परत आलो. फाटकापाशी आता आणखी माणसं जमली होती.

"अजून एक."

दुसऱ्या फेरीत मी मागून बघत होतो, कारण बघण्याशिवाय मला काही हलवता येत नव्हतं. सासऱ्यांनी उजव्या हातानं दाराची कड धरली होती. ते स्वतःला जरासे उचलत होते आणि परत खाली येत होते. पुन्हा उचलत होते. बोटं पांढरी पडली होती. दुसरा हात गुडघ्यावर, आणि तो गुडघा थरथरत होता.

मग मला समजलं, आणि एकदम इतकी लाज वाटली की सीटच्या फटीत शिरावंसं वाटलं. हा माणूस गिरकीला कधीच भ्यायला नव्हता. जळत्या विमानात शिरलेला माणूस चौकातल्या गिरकीला काय भिणार? त्या दिवशी चार अनोळखी लोकांनी त्यांना बगलेत हात घालून तांदळाच्या पोत्यासारखं बाहेर ओढलं होतं, भर चौकात, भांडाराच्या गिऱ्हाइकांसमोर. ते त्यांना सहन झालं नव्हतं. आणि माझी ती दुधाच्या वासाची पेटी? तिच्यातून पाय खाली सोडले की जमीन लागते. इतके महिने माझी छाती फुगत होती ती जावईपणाच्या मानानं नव्हे, सीटच्या उंचीनं.

पण हे बोलायचं कसं? त्यांच्यासमोर त्यांच्या गुडघ्याचं नाव काढायची कोणाची टाप होती? मी आरशात बर्राकची नजर पकडली. मग डोळ्यांनी खाली दाखवलं. त्यानं बघितलं. वडिलांचा हात बघितला, गुडघा बघितला. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

फाटक आलं. तो थांबला नाही. सगळ्यांनी हात वर केले, पोरं ओरडली, आणि आम्ही पुढं जाऊन मागच्या बोळात वळलो, जिथं स्वयंपाकघराचं दार आहे आणि मोठी पातेली धुवायला टाकतात. बर्राकनं इंजिन बंद केलं. खाली उतरून तो पलीकडे गेला, दार उघडलं आणि ईदच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी त्या ओल्या मातीत उकिडवा बसला.

"बाबा, हात टाका गळ्यात."

सासऱ्यांनी बोळात दोन्हीकडे बघितलं. दोन मांजरी होत्या, बाकी कोणी नाही.

"टायर चांगले आहेत," ते म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांनी हात टाकला. मी दुसऱ्या दारातून बाहेर पडून आत वाकलो आणि त्यांच्या कमरेला रेटा दिला. वेळ लागला. उभे राहिल्यावर त्यांनी मुंडासं सारखं केलं, आणि आम्ही तिघं पातेल्यांमधून वाट काढत, किंचाळणाऱ्या बायकांना ईद मुबारक म्हणत, बैठकीत पोचलो.

"अरे, मागून का?" शम्लान ओरडला. "आम्ही तुझे टायर बघायला उभे आणि तू पळून गेलास!"

बर्राकच्या कपड्यांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यानं खाली बघितलं. "भरवसा वाटला नाही," तो म्हणाला. "पुढं उतार आहे, ओला. सरकली असती. टायर चुकलेच माझे."

झालं! मंडळींना ईदी मिळाली. "तरी मी सांगत होतो!" "मास्तर, तुमचे ते मऊ टायर!" "माझे? जपानी तुझे होते!" "टँकर बोलावला होता म्हणे साहेबांनी!" पोरंसुद्धा हसत होती. ज्या माणसानं एवढे दिवस त्या टायरांसाठी रक्त आटवलं, तो भिंतीला टेकून उभा राहून सगळं ऐकून घेत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

"गप्प बसा," सासरे म्हणाले.

अग्निशामक दलाचा आवाज होता तो. धुपाटणं फिरवणारासुद्धा जागच्या जागी थांबला.

"टायरना काही झालेलं नाही. याच्यासारखे टायर तुमच्यापैकी एकाच्याही गाडीला नाहीत." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "माझे गुडघे गेलेत. त्या सीटवरून मला उठता येत नाही. यानं मला मागच्या दारी उतरवलं, तुम्ही बघू नये म्हणून."

बैठकीत कोणाला कुठं बघावं कळेना. बर्राक तर भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला. मग घानिम मास्तर घसा खाकरून म्हणाले, "गुडघ्यांना उंटाची चरबी," आणि शम्लान म्हणाला, "चरबी कसली, जर्मनीला डॉक्टर आहे," आणि अर्ध्या मिनिटात तिथं हाडांचे इतके तज्ज्ञ झाले की मोजता येईनात.

माझी बायको सकाळीच आमची गाडी घेऊन आली होती. जेवणानंतर मी ती उंच पेटी फाटकासमोर आणून दार उघडून उभा राहिलो. सासरे माझ्याजवळून पुढं गेले आणि बर्राकच्या गाडीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं. थोडं नाही, बरंच.

आम्ही त्यांच्या मागोमाग घरी पोचलो तेव्हा ईदची गल्ली भरलेली होती. शेजारी दारात, पोरं रस्त्यावर, खिडक्यांतून त्याच सगळ्या आया. बर्राक गाडी वळवून मागच्या बाजूला न्यायला लागला तसा सासऱ्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. काच खाली झाली. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "इथंच थांब, बर्राक. ये. ओढ मला बाहेर."