दादाने मागितलेली माफी

देवाने माझ्या दादाला जीभ दिली ती बहुधा माफी मागण्यासाठीच. बसमध्ये कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी हाच म्हणणार, "चुकलं माझं." अशा माणसाची मी सख्खी बहीण, आणि मला नोकरीवरून काढलं ते तोंड उघडलं म्हणून.

रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात मी इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर होते. बायका वाऱ्याला बाहेर जातात म्हणून मॅनेजरने मागच्या दाराला कुलूप ठोकलं. एकदा वाफेने शेजारची बाई चक्कर येऊन पडली. तिला चादरींच्या ढिगांमधून पुढच्या दारापर्यंत नेताना आम्ही मेटाकुटीला आलो. मी सगळ्यांसमोर मॅनेजरला विचारलं, "उद्या आग लागली तर पळायचं कुठून?" त्याच आठवड्यात मी घरी. कारण काय, तर म्हणे मी उशिरा येते.

चौकशी करत करत वकीलबाई गाठल्या. कामगारांच्याच केसेस घेणाऱ्या, बोलणं तुटक, चहा पार गार करून पिणाऱ्या. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच बजावलं, "आता तिकडे कोणी फिरकायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही."

"नाही फिरकणार," मी म्हटलं.

शेजारी बसलेला दादा पंख्याकडे बघायला लागला.

"दादा?"

"अगं, मी आपला सहज जाऊन आलो. मॅनेजरसाहेबांच्या घरी."

"कशाला?"

"माफी मागायला."

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल असं नाही, एकूणच. म्हटलं, पोर लहान आहे, चूक पदरात घ्या."

"चाळिशी आली माझी."

"माझ्याहून लहानच ना तू."

वकीलबाईंनी कपाळ चोळलं. "आता ते म्हणणार, घरच्यांनीच चूक कबूल केली. ताई, सुनावणीपर्यंत यांना घरात कोंडून ठेवता येईल?"

"घरात ठेवला तर फोनवरून मागेल," मी म्हटलं.

तेव्हापासून मी दादाशी बोलणं टाकलं. त्याबद्दलही तो रोज दाराशी येऊन माफी मागून जाई. आता करावं काय या माणसाला.

सुनावणीला कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत झालं वकीलबाई म्हणाल्या तसंच. मॅनेजर इस्त्रीचा सदरा घालून आलेला. म्हणाला, "साहेब, बाई उशिरा यायच्या. त्यांचे बंधू स्वतः घरी येऊन हात जोडून गेले. विचारा, इथेच आहेत."

माझी नोकरी गेल्यातच जमा होती. वकीलबाई नाइलाजाने दादाकडे वळल्या. "काय बोलणं झालं, तसंच्या तसं सांगा."

दादा उठला. खुर्ची करकरली, तर आधी अधिकाऱ्यांकडे खुर्चीची माफी. नमनालाच घडाभर तेल. देवा, मी मनात म्हटलं, आज तरी याची जीभ आवर.

"मी म्हटलं, साहेब, तिने चारचौघांत कुलपाचा विषय काढला, चुकलं तिचं. दार तुमचं, कुलूप तुमचं. मॅनेजरसाहेब म्हणाले, पुन्हा दाराचं नाव काढणार नाही म्हणून शपथ घेऊ दे, उद्यापासून घेतो कामावर."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "आणि उशिराचं?"

"उशिराचं काही निघालंच नाही, साहेब. निघालं असतं तर मी त्याचीही मागितली असती."

वकीलबाई खिडकीबाहेर बघत ओठ दाबून बसल्या.

"माफीचा विषय तुम्हीच काढलात," अधिकारी मॅनेजरला म्हणाले. "आता ती खोटी म्हणू नका. कुलूप आज निघेल आणि बाई सोमवारी कामावर येतील. नाहीतर हे मी कोर्टात पाठवतो."

मॅनेजरने कॉलर सैल केली आणि हो म्हटलं. कागद टाइप होईपर्यंत आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मला रडू फुटत होतं. कधी नव्हे तो दादाचा हात धरावा म्हणून वळले, तर दादा जागेवर नाही.

तो पलीकडच्या बाकावर मॅनेजरशेजारी. "साहेब, आमच्यामुळे उगाच तुम्हाला त्रास. तिला सोमवारीच घ्या असा काही आमचा हट्ट..."

"ओढा त्यांना," वकीलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सही व्हायची आहे अजून."

मी धावत जाऊन बाही धरली आणि खेचला. बाही खांद्यापाशी टरकन उसवली.

"चुकलं माझं," दादा म्हणाला, बाहीकडे बघत.