तिरपा डोळा

गोपालने बदकाचं लाकडी डोकं गुडघ्यांत घट्ट धरलं आणि टोच्याचं टोक डाव्या डोळ्याच्या कडेला हळूच घातलं. मेण सुटलं. काचेचा डोळा तळहातावर आला. खालच्या खळग्यात हळद होती, पिवळीधमक.

"हे आपलं," तो म्हणाला.

"एक झालं," भागीरथा दारातूनच बोलली. कालपासून ती नवऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

दसऱ्याची सकाळ होती. अमरावतीहून अनुपमाताई अकरापर्यंत दर्यापूरला पोचणार होत्या. त्यांच्या आजोबांच्या काळात शिकारी कारखान्यात घडवलेली असली लाकडी बदकं तळ्यावर सोडत. वरून जाणारी खरी बदकं त्यांना आपलीच मंडळी समजून खाली उतरत आणि बंदुकीपुढे येत. शिकार केव्हाच बंद झाली, बदक तेवढं त्यांच्या घरात कपाटावर राहिलं. ताईंचे वडील आबा जाताना सांगून गेले की अस्सल बदक धाकट्या भावाला, ईशानला द्या. ताई आणि त्यांच्या बहिणीने आपल्यासाठी गोपालकडे दोन नकला करायला टाकल्या होत्या.

गोपालने दोनाच्या तीन केल्या, एखादी बिघडलीच तर असू द्यावी म्हणून. लाकूड जुन्या सागवानी चौकटीचं, रंग चहाच्या पाण्याने मळवलेला, पोटात शिसं, बुडाला तसाच इंग्रजी शिक्का. डावा डोळा किंचित वर चढलेला, तोही त्याने तंतोतंत उचलला. मशीनही चुकतं म्हणायचं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. जुनी काच फुटायची भीती म्हणून त्याने अस्सलाचे डोळे मात्र काढून पाहिले नाहीत.

शेवटी ही हुशारी अंगाशी आली. ओळखू यावं म्हणून त्याने अस्सल बदकाच्या गळ्यात लाल दोरा बांधला होता. काल खांडेनवमी. भागीरथाने रंधा, पटाशी, करवत धुऊन पाटावर मांडली, शेजारी चारही बदकं ठेवली. पूजेला जुना दोरा नको म्हणून तिने तो काढून टाकला आणि चौघांच्या गळ्यात नवे बांधले. संध्याकाळी बडनेऱ्याहून तिचा भाऊ भगवंत प्रसादाला आला, तेव्हा जादाचं म्हणून एक बदक त्याच्या नातीसाठी देऊनही टाकलं.

आता फळीवर तीन उरली होती.

वाट एकच होती. गोपालच्या घरात तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी बैलांना डोळा बसवताना खाली चिमूटभर हळद घालायची रीत. आजाने घातली, बापाने घातली. बदकांनाही त्याच्या हाताने आपसूक घातली होती. कारखान्याला कुठली आली हळद? ज्याच्या डोळ्याखाली ती नसेल, ते आबांचं.

दुसऱ्याचा डोळा निघाला. पिवळी हळद.

त्याने तिसऱ्याला हात घातला. मेण कडक होतं, चटकन सुटेना. सुटलं, आणि खळग्यात पुन्हा हळदच.

"यातबी हाये," तो पुटपुटला. "खरं बडनेऱ्याले गेलं."

भागीरथाने फोन लावला. पलीकडून भगवंत मजेत सांगत होता की पोरगी सकाळपासून बदकाला टबात पोहवून राहिली, जेवायलाही उठत नाही. तिने फोन ठेवला.

"मले मेलीले काय माईत," ती म्हणाली. "आबांची वस्तू होती ते."

मेलेल्या माणसाने विश्वासाने ठेवलेली चीज आपल्या घरातून गेली, आता ताईंना तोंड कसं दाखवायचं, एवढंच गोपालला सुचत होतं. हातातलं बदक त्याने उगाच उजेडाकडे धरलं आणि तो थबकला. ही हळद पिवळी नव्हती. तंबाखूच्या रंगाची झाली होती. मेणही काळं, दगडासारखं.

त्याने उजवा डोळा कडेने किंचित उचकला. मेण नव्हतंच. डोळा तारेवर बसवलेला, खाली कोरडं, स्वच्छ लाकूड.

"भागीरथा, इकडं पाय."

तिने दोन्ही खळगे पाहिले.

"एक डोळा कारखान्याचा," तो सावकाश म्हणाला. "अन् हा फुटला असन, म्हून मागून बसोला. आपल्या बुढ्यानं."

त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. भागीरथाने पदराने कपाळ पुसलं आणि देवाजवळची हळदीची कोयरी आणून त्याच्यापुढे ठेवली.

अनुपमाताई आल्या तेव्हा तिन्ही बदकं फळीवर तयार होती. गोपालने दोऱ्याचा घोळ, भगवंत, हळद, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मग अस्सल बदक त्यांच्या हातात दिलं.

"पण ताई, याचा डावा डोळा आमच्या बापाचा हाये."

ताईंनी बदक जवळ घेऊन त्या डोळ्यावरून बोट फिरवलं.

"लहानपणी आम्ही तिघं भांडायचो," त्या म्हणाल्या. "जो तो म्हणायचा, हे माझ्याकडेच बघतंय. तो डोळा तुम्ही सरळ नाही ना केलात?"

"हे सरळ करणार?" भागीरथा म्हणाली. "तीस वर्सं झाले मी याईले सांगून राहिली, तुमचे बैल तिरपे पायतात म्हून."