ग्लोव्हमधला आवाज

व्यावसायिक बेसबॉल क्लबांच्या वार्षिक खेळाडू-निवडीची चौथी फेरी संपली. पडद्यावर बाराही क्लबांची नावं होती, प्रत्येकासमोर एकेका पोराचं नाव होतं, आणि त्यात कुमाशिरो गेन्ता हे नाव कुठेच नव्हतं. शाळेच्या त्या खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने तेवढं कॅमेऱ्याला झाकण लावलं, आणि त्या टिचकीएवढ्या आवाजाने रित्सु दचकला.

खरं तर दचकायचं ते गेन्ताने. टेबलावर पांढरं कापड अंथरून, मागे शाळेचा निळा पडदा ताणून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसवलं होतं ते त्याला. एका बाजूला शाळेच्या संघाचे कोच तोगाशी सर, दुसऱ्या बाजूला त्याची आई. बाहेर मैदानावर संघाची पोरं गणवेश घालून थंडीत पाय आपटत उभी होती; नाव पुकारलं की गेन्ताला हवेत उडवायचं, हे त्यांचं काम. रित्सु हामागुची भिंतीशी खुर्चीवर बसला होता, कप्तान म्हणून आणि गेन्ताचा कॅचर म्हणून; गेन्ता पिचर, तो बॉल फेकायचा, आणि रित्सु झेलायचा. पण गेन्ताच्या नावासाठी कुणी देव पाण्यात घातले असतील, तर ते रित्सुने. गेन्ताच्या आईचं तसं नव्हतं. तिला पोरगं विद्यापीठात गेलेलं हवं होतं.

भानगड अशी होती. सेन्दाइ शहरातल्या एका विद्यापीठाचे कोच हे तोगाशी सरांचे जुने सोबती. ते दरवर्षी सरांचा एक पोरगा आपल्या संघात घ्यायचे, एकच. यंदा ती जागा गेन्तासाठी राखून ठेवली होती. सरांनी आणि त्याच्या आईने मिळून अट घातली होती, की चौथ्या फेरीपर्यंत कुठल्या क्लबने त्याला घेतलं तर तो व्यावसायिक खेळाडू होईल, नाहीतर मुकाट्याने विद्यापीठात जाईल. सगळ्या क्लबांना तसं कळवलंही होतं. गेन्ता क्लबात गेला, तर सेन्दाइची जागा रित्सुची. सरांनी त्याला हे तोंडावर सांगितलं होतं. नाही गेला, तर रित्सुसाठी बंदरावरचा मासळीचे डबे भरायचा कारखाना होता. तिथे त्याची आई दिवसभर उभ्याने माकुळ साफ करायची, आणि मोठा भाऊ पेट्या उचलायचा. भाऊही एकेकाळी याच शाळेचा कॅचर होता. आता टीव्हीवर मॅच लागली की तो उठून बाहेर जाई.

रित्सुला दुसरं कुणी विचारणार नव्हतं. त्याची बॅट बेताची, पळणं त्याहून बेताचं. त्याला एकच गोष्ट येत होती, आणि ती मात्र अशी येत होती की आसपासच्या चार शाळांचे कोच बघायला यायचे. त्याला बॉल वाजवता येत होता.

तोगाशी सर हे कॅचरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. बॉल नुसता पकडायचा नाही. ग्लोव्हच्या जाळीत घेतला तर तो भद्दिशी बसतो. तळहातावरच्या चामड्यावर घ्यायचा, आणि शेवटच्या क्षणी मनगट तसूभर पुढे द्यायचं, म्हणजे काडकन वाजतो. पिचरला आपला वेग दिसत नसतो, त्याला तो ऐकू येतो. आवाज चांगला आला की त्याला वाटतं, आज आपल्या हाताला कुणी धरू शकत नाही, आणि मग खरंच कुणी धरू शकत नाही. पिचरला तळहातावरच्या फोडासारखं जपा, असं सर सांगायचे. रित्सुने जपलं. त्यापायी त्याचा डावा तळहात उन्हाळाभर जांभळा असायचा. सराव संपला की गेन्ता यायचा, म्हणायचा, "दाखव." मग अंगठ्याने त्या जांभळ्या जागेवर दाबून विचारायचा, "दुखतंय?"

"मरतोय लेका," रित्सु म्हणायचा. एवढं ऐकलं की गेन्ता खूश. दुकानातून त्याला गोड पाव घेऊन द्यायचा आणि अर्धा स्वतःच खायचा.

ऑगस्टच्या शेवटी हात जांभळा व्हायचा थांबला. तोवर शाळा स्पर्धेतून बाहेर पडली होती, नवा संघ तयार होत होता, आणि शेवटच्या वर्षाची ही दोघं मैदानामागच्या शेडमध्ये एकटीच सराव करायची. बॉल यायचा, पण येता येता त्याचा जीव जायचा. खांदा जरा जड आहे, गेन्ता म्हणायचा, संध्याकाळी गारवा पडायला लागला ना. रित्सुला वाटलं, बिचारा दमलाय, धीर द्यावा. त्याने मनगट आणखी थोडं पुढे द्यायला सुरुवात केली. सप्टेंबरात एका क्लबचा स्काउट, खेळाडू हेरणारा माणूस, आला, त्याने वेग मोजायच्या यंत्राकडे दोनदा बघितलं, ते पिशवीत ठेवलं, नम्रपणे वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. काय म्हणाला रे, असं गेन्ताने विचारलं. खूश दिसला, असं रित्सुने सांगितलं. तोवर सेन्दाइच्या जागेची गोष्ट त्याच्या कानावर आली होती. मित्रासाठी वाजवणं कुठे संपलं आणि स्वतःसाठी वाजवणं कुठे सुरू झालं, हे तेव्हाच त्याने स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

पाचवी, सहावी फेरी झाली. एकेक क्लब आपली निवड संपल्याचं जाहीर करू लागला. सर उठले, गेन्ताच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, चला, सेन्दाइ ठरलं, वाईट काय त्यात. गेन्ताची आई डोळे टिपत हसली. रित्सुने खाली बघितलं. उद्या घरी आपल्या आईला सांगावं लागणार होतं, आणि आई म्हणणार होती की असू दे, आपल्याकडे रबरी बूट आहेतच एक जोड जास्तीचे.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

सर बराच वेळ नुसतं हं, हं करत होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला. गेन्ताला जूनमध्ये पाहून गेलेल्या एका क्लबचा स्काउट होता. आता उमेदवारीच्या फेऱ्या सुरू होणार. अट सोडत असाल तर दुसऱ्या फेरीत घेतो, पण होकार आत्ता, फेरी सुरू व्हायच्या आत हवा. उमेदवारी म्हणजे काय ते खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पाठीवर तीन आकडी नंबर, हातात तुटपुंजा पगार, आणि तीन वर्षांत वर चढला नाहीस तर नारळ.

"नको रे," गेन्ताची आई म्हणाली. "विद्यापीठात जा. चार वर्षांनी हीच माणसं परत येतील."

"चार वर्षांनी मला कोण ओळखतंय, आई?"

सर एरवी पोरांच्या बुटाच्या नाडीवरसुद्धा मत द्यायचे. आज ते फोनवर हात ठेवून उभे राहिले. तुझं तू ठरव, एवढंच म्हणाले. गेन्ताने खोलीभर नजर फिरवली आणि ती भिंतीशी येऊन थांबली.

"रित्सु, माझा बॉल कसा आहे? तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. खरं सांग."

रित्सुने तोंड उघडलं.

"बोलू नको," गेन्ता म्हणाला. "चल. तीन बॉल टाकतो. वाजले तर जातो."

शेडमध्ये एकच दिवा होता. गेन्ताने कोट काढून खिळ्याला लावला आणि पांढऱ्या सदऱ्यावर मातीच्या उंचवट्यावर चढला. रित्सु म्हणाला, हात तरी गरम कर आधी. वेळ नाही, गेन्ता म्हणाला. बाहेरची पोरं फोटोसाठी काहीतरी चाललंय असं समजून कुंपणाशी गोळा झाली.

पहिला बॉल आला आणि ग्लोव्ह काडकन वाजला. पोरांनी ओऽ केलं. गेन्ता हसला. बॉल एवढा सावकाश आला होता की रित्सुला त्यावरची लाल शिवण दिसली होती. ऐन मोसमात ती कधी दिसली नव्हती.

बॉल परत फेकताना त्याला सगळं एकदम लख्ख कळलं. विद्यापीठात चार वर्षं होती, डॉक्टर होते, खांद्याला विश्रांती द्यायला सबंध हिवाळा होता. क्लबात पहिल्याच दिवशी यंत्र लावतील. गेन्ता तिथे या खांद्यावर जोर काढून काढून फेकेल, कारण त्याला दुसरं काही येतच नाही, आणि एक दिवस तो खांदा जाईल. हे थांबवायला एकच करायचं होतं. काहीच करायचं नव्हतं. रित्सुने दुसरा बॉल जाळीत घेतला.

भद्द.

कुंपणाशी पोरं एकमेकांकडे बघू लागली. गेन्ताने उजवा खांदा हाताने चोळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती आजची नव्हती, हे रित्सुला दिसलं.

"तूच नीट घेतला नाहीस ना?" गेन्ताने विचारलं. विचारलं कसलं, त्याने गयावया केली.

नाही, घेतला होता नीट. बॉलच मेलाय तुझा, गेन्ता. एवढंच म्हणायचं होतं. रित्सुला बंदरावरचा तो ओला, निसरडा फरसबंद हॉल दिसला, आणि दिव्याखाली एका रांगेत उभी असलेली माणसं.

"अंधारात दिसला नाही," तो म्हणाला. "टाक."

तिसऱ्या बॉलला त्याने मनाशी पक्कं केलं होतं, हात मेल्यासारखा ठेवायचा. आपण काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. जो काय आवाज असेल तो बॉलचाच असू दे. बॉल निघाला. अर्ध्या वाटेवरच त्याचा जोर ओसरलेला रित्सुला दिसला. आणि मनगट तसूभर पुढे गेलं.

असा आवाज त्या शेडमध्ये वर्षभरात झाला नसेल. पुढे किती वर्षं तो स्वतःला सांगत राहिला की मनगटाची सवय ती, त्याला काय करणार. पण मनगटाला काही कारखान्यात जायचं नव्हतं. जायचं होतं ते रित्सुला.

गेन्ता कोट तिथेच सोडून धावत आत गेला. रित्सु ग्लोव्ह घालूनच मागोमाग गेला. सरांनी फोनवर होकार दिला. थोड्या वेळाने पडद्यावरच्या निवेदकाने उमेदवारीच्या दुसऱ्या फेरीत कुमाशिरो गेन्ताचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं, आणि शेवटी 'पिचर' असं म्हटलं. फोटोग्राफरने झाकण काढलं. गेन्ताच्या आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सर रित्सुजवळ आले आणि हळूच म्हणाले, उद्या सकाळी सेन्दाइला फोन करतो, तुझं काम झालं. रित्सु कमरेत वाकला. त्याला आनंद झाला होता. खराखुरा, छाती भरून आनंद, आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की तो बराच वेळ सरळ उभा राहिना.

मैदानावर पोरांनी गेन्ताला उचललं. सरांनी रित्सुला उजव्या खांद्याशी उभं केलं. कॅचरची जागा तीच. एक, दोन, तीन वेळा गेन्ता काळ्या आभाळात गेला आणि खाली आला. तिसऱ्यांदा तो खांदा रित्सुच्या हातांवर पडला तेव्हा गेन्ताच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. आरडाओरड्यात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही.

पोरं पांगली. गेन्ता डोळे पुसत, हसत त्याच्याकडे आला.

"दाखव," तो म्हणाला.

रित्सुने डावा हात पुढे केला. गेन्ताने अंगठ्याने तळहाताच्या मधोमध दाबलं, पूर्वी दाबायचा तिथेच. हात कोरडा होता, थंडीने पांढरा पडलेला. साधा लालसुद्धा झाला नव्हता. पण अंधार होता, आणि गेन्ता हाताकडे बघत नव्हता. तो रित्सुच्या तोंडाकडे बघत होता.

"दुखतंय?"

"मरतोय लेका," रित्सु म्हणाला.

आणि गेन्ता, उन्हाळ्यात व्हायचा तसा, खूश झाला.