परीक्षेला दिलेलं बोट

बिक आत्याच्या नखं कापण्या-रंगवण्याच्या दुकानात उयेन चार वर्षं गिऱ्हाइकांचे पाय धूत होती. परवाना नाही, म्हणून निम्म्या मजुरीवर. तपासनीस आला की मागच्या दाराने पळायचं आणि कचऱ्याच्या पेट्यांआड बसायचं, एवढीच काय ती तिला सुट्टी.

पण पोरीने सकाळची शाळा धरून प्रशिक्षणाचे चारशे तास भरले. लेखी परीक्षा व्हिएतनामीतून काढली. उरलं प्रात्यक्षिक. त्यात बिकच्या कानावर आलं, की समुद्राकाठच्या एका मोठ्या सलोनशी हिचं बोलणं झालंय. परवाना मिळाला की तिकडे. गोगलगाय अन् पोटात पाय! बिकच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या भावाची लेक, आपणच कॅलिफोर्नियात आणलेली, आणि हिला पंख फुटले.

तेव्हा प्रात्यक्षिकाला जिवंत माणसाचा हात न्यावा लागे.

"आत्या, माझ्यासोबत कोण येईल गं?"

"का, मी मेले का? घरचा हात सोडून परक्याचा कशाला?"

उयेनचे डोळे भरून आले.

परीक्षेत हात देणाऱ्याशी बोलायला बंदी. काही झालं तर हात वर करून परीक्षकांना बोलवायचं. ठरलेल्या सामानाच्या यादीबाहेरची वस्तू काढली की नापास. बिकने हीच परीक्षा दिली होती, तिला सगळं पाठ होतं. नुसतं रक्त आलं म्हणून नापास करत नाहीत, हेही.

उयेन नखाच्या कडेचं कातडं कापत होती, तेव्हा बिकने बोट हिसकलं. रक्त आलं. उयेन थांबली. हातमोजे चढवले, जंतुनाशक लावलं, पट्टी बांधली, कापूस पिशवीत बंद केला. हात जरासुद्धा थरथरला नाही. परीक्षक बाई मान डोलवत लिहीत होत्या. हे सगळं आपणच शिकवलंय, या विचाराने बिकला क्षणभर अभिमान वाटला. मग तिने डोळे फिरवले आणि टेबलावर मान टाकली.

"आत्या!"

हात वर करायचं उयेनला सुचलंच नाही. तिने खिशातून हिरव्या तेलाची बाटली काढली. भोवळ असो, पोटदुखी असो, आपल्या लोकांना दुसरं औषध ठाऊक आहे कुठे? आणि ही बाटली तर सकाळी घरून निघताना आजीने, म्हणजे बिकच्याच आईने, तिच्या मुठीत कोंबलेली. ती आत्याची कानशिलं चोळत राहिली. वास खोलीभर पसरला. परीक्षक बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

परतताना गाडी उयेन चालवत होती, रडतही होती.

"माझंच चुकलं. आता पुन्हा कधी नंबर लागतो कोण जाणे. तुला खूप दुखतंय का गं?"

"दुखणार नाही तर काय? एवढं कापलंस."

"पुढच्या वेळी येशील ना, आत्या? तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

"येईन की. तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी?"

रक्त दुसऱ्या सिग्नललाच थांबलं होतं. तरी बिकने दुकान येईपर्यंत बोट वर धरून ठेवलं. दारात उतरल्यावर ती म्हणाली, "डोळे पूस आता. आत टॉवेल धुवायचे पडलेत."