हरकत नाही

नाचऱ्याला आपल्या झुरळाचं जेवढं कौतुक होतं, तेवढं कौतुक आईला पोटच्या पोराचंही नसेल.

नाचऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात तो कामाला होता, आणि त्याच्या हातचं पान उघडलं की त्यावरची एकही वस्तू धड जागेवर राहत नसे. बटणं उड्या मारायची, अक्षरं गिरक्या घ्यायची, कोपऱ्यातून पेटी वाजायला लागायची. म्हणून नाचऱ्या. हा सगळा खेळ चालायचा एका प्लग-इनच्या जिवावर. ब्राउझरला वरून जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, एवढंच ते. तो असला तर पानावर जत्रा, नसला तर पानाच्या जागी नुसता करडा चौकोन. तो करडा चौकोन नाचऱ्याने कधी बघितलाच नव्हता, कारण त्याच्या कॉम्प्युटरवर प्लग-इन कायम असायचा. स्वतःच्या घरात बसून जग बघणाऱ्याचं असंच होतं.

तर झुरळ. घरातले ढेकूण-झुरळं मारणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट त्याच्याकडे आली आणि गड्याने जीव ओतला. पडदा वर जायचा. डावीकडून एक जाडगेलं झुरळ मिशा पुसत यायचं. पाठीवर एकेक शब्द लादून आणायचं, ओळीत मांडायचं, पुन्हा आत जायचं, पुढचा शब्द आणायचं. असं करत सगळ्या सूचना मांडून झाल्या की त्याला औषधाचा वास यायचा, एक सणसणीत शिंक यायची, आणि ते उताणं पडून सहाच्या सहा पाय वर करायचं. बघणारा हसलाच पाहिजे! नाचऱ्याची भाची, ताईची चिमणी, तर त्या शिंकेला खुर्चीवरून खाली पडायची. मामाला ती झुरळमामाच म्हणायची.

हसली नाही ती फक्त कोरडी. ही शेजारच्या टेबलावरची मुलगी. ती साधी, न हलणारी, निव्वळ अक्षरांची पानं लिहायची, म्हणून ऑफिसाने तिला कोरडी करून टाकलं होतं.

"अक्षरं फोडलीस ना सगळी?" तिने विचारलं.

फोडणं हा त्यांच्या धंद्यातला शब्द. अक्षर फोडलं की ते अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. मग त्याला वाकवा, नाचवा, झुरळाच्या पाठीवर बांधा.

"फोडणारच," नाचऱ्या म्हणाला. "तुझ्या साध्या पानावर मराठी टाकलं की लोकांच्या कॉम्प्युटरवर काय दिसतं? वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, मधे प्रश्नचिन्हं. माझं पान कुठेही उघड. हेच अक्षर, हाच रंग."

आणि हे खोटं नव्हतं, बरं का. त्या काळी मराठी नीट दिसावी तर ती नाचऱ्याच्याच पानांवर. त्याचं ते श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

"दिसतं, कबूल," कोरडी म्हणाली. "पण तुझं पान बघता येतं, वाचता येत नाही. शोधणाऱ्याला त्यातलं सापडत नाही, कुणाला उतरवून घेता येत नाही, आणि चुकलं तर तुला स्वतःला खोडता येत नाही. निदान 'पुढे चला' असं एक बटण तरी ठेव. घाईतला माणूस कुठे तुझं झुरळ बघत बसतो?"

"घाईतल्या माणसाने ढेकणांबरोबर झोपावं! माझं झुरळ बघायचं तर पूर्ण बघायचं."

तरी कोरडीने आपणहून एक साधं पान लिहून मागे जोडून ठेवलं होतं, प्लग-इन नसलेल्यांसाठी. 'दुधात मिठाचा खडा कशाला?' म्हणत नाचऱ्याने ते काढून टाकलं.

कंपनीचा मालक मात्र बेहद्द खूष. येईल त्याला झुरळ दाखवायचा. इतका खूष, की घरोघरी द्यायची छापील पत्रकं त्याने बंदच करून टाकली. माणसांना सांगून ठेवलं, "कागद वाटत बसू नका. सूचना वेबसाइटवर आहेत, एवढंच सांगा."

पुढे मालकाने औषध बदललं. आधीचा फवारा सौम्य होता. त्याची सूचना झुरळ ऐटीत मांडायचं: 'रात्री घरात झोपायला हरकत नाही.' नवं औषध म्हणजे गाद्यांखाली ठेवायच्या गोळ्या. त्यांतून वायू सुटायचा. मालकाने फोन केला, "ते एक वाक्य तेवढं बदला हो. रात्री घरात झोपू नका, असं करा. आणि खाली नव्या औषधाचं नाव टाका."

एक वाक्य! पण ते वाक्य आता वाक्य कुठे होतं? त्याचे तुकडे झुरळाच्या पायांशी बांधलेले. 'हरकत' काढायचं तर झुरळाची चाल बिघडणार, शिंक चुकणार, सगळं पहिल्यापासून. नाचऱ्याने डोकं खाजवलं आणि आपल्या सगळ्यांना सुचतं तेच त्याला सुचलं. ठिगळ. पांढऱ्या पट्टीवर नवी सूचना आणि औषधाचं नाव लिहिलं, त्याची वेगळी फाइल केली आणि झुरळाच्या वाक्यावर बरोब्बर बसवली. ऑफिसात उघडून बघितलं. झुरळ आणि पट्टी एकदमच आली, जुनं वाक्य झाकलं गेलं. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी कोरडी आली ती तणतणतच. "अरे, माझ्या घरचं इंटरनेट हळू आहे. तिथे आधी झुरळ येतं. हरकत नाही म्हणतं, शिंकतं, मरतं. तुझं ठिगळ त्यानंतर निवांत उगवतं. मधेच कुणी पान बंद केलं तर?"

"शेवटी येतं ना?" नाचऱ्या नव्या कामात बुडाला होता. "मग हरकत नाही."

त्याच्याच तोंडचे शब्द हे. कोरडी जागेवर जाऊन बसली.

आता ताईबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा नाचऱ्या एवढासा होता. ताईने स्वतःची शाळा अर्धवट सोडून त्याला वाढवलं. तिच्या जोरावर तो शिकला, कॉम्प्युटरला हात लावता झाला. मेहुणा नोकरीपायी बाहेरगावी असायचा, त्यामुळे घरात ताई आणि चिमणी दोघीच. नाचऱ्याचा सगळा जीव त्या दोघींत. आणि ताईचा अभिमान तर विचारूच नका. शेजारीण मीठ मागायला आली तरी तिला झुरळ बघितल्याशिवाय सुटका नसे.

त्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "बाब्या, ढेकणांनी उच्छाद मांडलाय रे. पोरीचं अंग नुसतं गांधीने भरलंय. तुझ्याच झुरळवाल्यांना बोलावलंय आज."

"बरं केलंस. माझं नाव सांग, नीट काम करतील." समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला फुलपाखरं दाखवायची होती.

"काही काळजी घ्यायची असते का रे?"

त्याच्या मनात आलं होतं. रात्री कुठे झोपणार, हे विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायला कशाला हवं? स्वतःच्या हाताने लिहिलं होतं त्याने ते.

"वेबसाइटवर सगळं आहे ताई. बघून घे," तो म्हणाला आणि फुलपाखरांकडे वळला.

सकाळी तो दाढी करत असताना पुन्हा फोन वाजला. पलीकडे ताईच. आवाज जड.

"ढेकूण गेले रे, एक दिसत नाही. पण डोकं असं ठणकतंय... दोनदा उलटी झाली."

नाचऱ्याच्या हातातला वस्तरा थांबला. "रात्री कुठे झोपलात?"

"घरीच. कुठे जाणार? वारा झोंबत होता म्हणून खिडक्या लावून झोपलो."

"ताई! घरात झोपायचं नसतं! त्या माणसांनी सांगितलं नाही?"

"ते म्हणाले, सूचना वेबसाइटवर आहेत. मी म्हटलं, अहो, ती माझ्या भावानेच केलीय, मला तोंडपाठ आहे." ती दमून थांबली. "तरी तू म्हणालास म्हणून बघितली हो. चिमणीला मांडीवर घेऊन बघितली. झुरळ म्हणालं ना, हरकत नाही. ते शिंकलं आणि मी बंद केलं."

"चिमणी कुठाय?"

"झोपलीय अजून. हाक मारली, उठेना. झोपू दे म्हटलं, आज शाळा बुडाली तर—"

"उचल तिला! बाहेर काढ! ताई, आत्ता, आहे तशी बाहेर पड!"

रिसीव्हर तसाच टाकल्याचा आवाज आला. मग ताईची हाक, पोरीच्या नावाने. पुन्हा हाक. पुन्हा. त्यानंतर नाचऱ्या ऐकायला थांबला नाही. अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन तो धावला.

दवाखान्यात चिमणीला आत नेलं होतं. दाराच्या काचेतून फक्त तिचे पाय दिसत होते. एका पायात मोजा, दुसरा उघडा. ताई भिंतीला टेकून बाकावर बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि तिला कुणी पाणी दिलं होतं ते ती हातात धरून होती.

डॉक्टरीण बाहेर आली. "गोळ्या कोणत्या होत्या? नाव काय?"

ताईला नाव माहीत नव्हतं. डबा ती माणसं घेऊन गेली होती. नाचऱ्याने मालकाचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"श्वासाला आधार दिलाय," डॉक्टरीण म्हणाली, "पण आत कोणतं विष गेलंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही. एकाचा उतारा दुसऱ्याला दिला तर आहे तेही हातचं जाईल. कंपनीची काही वेबसाइट वगैरे आहे का?"

"आहे," नाचऱ्या म्हणाला. "मीच केलीय."

तिने त्याला आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याने पत्ता टाकला. पान उघडलं.

करडा चौकोन. वर बारीक अक्षरात एक ओळ: प्लग-इन बसवा.

तो बसवायला गेला. यंत्र नाही म्हणालं. "इथे बाहेरचं काही बसवता येत नाही," दारातला कारकून म्हणाला, "सगळ्याला कुलूप असतं." नाचऱ्याने औषधाचं नाव आठवून बघितलं. त्याने ते स्वतः टाकलं होतं, कोणत्या रंगात हे आठवत होतं, अक्षरांची जाडी आठवत होती, फोडताना आलेला कंटाळासुद्धा आठवत होता. नाव काही केल्या आठवेना. कोरडीच्या साध्या पानाच्या जागी तर त्याने स्वतःच्या हाताने शून्य करून ठेवलं होतं.

ऑफिस उघडायला वेळ होता. त्याने कोरडीच्या घरी फोन लावला. काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नसेल, पण तिला कळलं. एक शब्द जास्तीचा बोलली नाही ती.

"उघडते," ती म्हणाली. "थांब. येतंय."

तार पोचत होती तेवढा फोन ताणून नाचऱ्या खोलीच्या दाराशी आला. डॉक्टरीण कागद-पेन घेऊन शेजारी उभी राहिली. फोनमधून पेटी वाजायला लागली.

"पडदा वर गेला. झुरळ आलं."

"पुढे जा ना!"

"कसं जाऊ?" कोरडी म्हणाली. "बटण कुठाय?"

झुरळ मिशा पुसत असणार आता. त्या वेळी पेटीवर एक लांबच लांब सूर होता, तो नाचऱ्याला फार आवडायचा. मग पहिला शब्द. मग झुरळ परत आत. प्रत्येक फेरीला पावलांचा टिकटिक आवाज होता. तो बरोबर जमावा म्हणून नाचऱ्याने किती रात्री जागवल्या होत्या!

"दुसरा शब्द ठेवला," कोरडी सांगत होती. "आत गेलं. अजून येतंय... अजून येतंय." तिचा आवाज फुटायला आला होता. आतून कुणीतरी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. तिने तिकडे बघितलं, पण जागची हलली नाही.

पेटीचा सूर बाकापर्यंत पोचला. ताईने मान वर केली. रोजचं ऐकणं तिचं. पोरीला जेवू घालताना, वेणी घालताना, पाहुण्यांसमोर. ती उठली आणि भिंतीला धरत धरत भावाजवळ आली.

फोनमध्ये झुरळ शिंकलं.

दोघांनीही, कशाला कोण जाणे, काचेच्या दाराकडे बघितलं. दर वेळी इथे चिमणी हसायची. आतून काही आवाज आला नाही. मोजा घातलेला पाय होता तसाच होता.

"मेलं झुरळ," कोरडी म्हणाली. "आता तुझ्या ठिगळाची वाट बघतेय. आलं नाही अजून. 'हरकत नाही' दिसतंय नुसतं."

ताईने त्याची बाही धरली. साबण वाळून पांढरा झालेल्या त्याच्या गालाकडे बघत तिने विचारलं, "बाब्या, वाचेल ना रे ती?"

तेवढ्यात फोनमध्ये कोरडी ओरडली, "आलं! आलं! वाचते, लिहून घ्या."

तिने एकेक अक्षर सावकाश वाचलं, नाचऱ्याने मोठ्याने म्हटलं, डॉक्टरीणबाईने लिहून घेतलं आणि ती धावतच आत गेली. दार लागलं.

ताई अजून त्याच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी तो पडला, झडला, नापास झाला, की ती एकच बोलायची, 'हरकत नाही रे, मी आहे ना.' आज तेवढंच तिला परत हवं होतं. नाचऱ्याने तोंड उघडलं, पण ते दोन शब्द काही त्याच्याच्याने बोलवले नाहीत.