जोडीची माळ

दारू दत्ताची सुटायची होती आणि मटण सुलक्षणाचं सुटलं, असा तो सगळा मामला.

न्हावऱ्याच्या डेअरीचं दूध टेंपोनं दौंडला पोचवायचं, हे दत्ताचं काम. जाताना दत्ता टेंपो नेतो आणि येताना टेंपो दत्ताला आणतो, असं गावातले लोक हसून सांगायचे. हसणाऱ्यांचं काय जात होतं? घरी मार खायला सुलक्षणा होती. शेवटी सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी तिच्या सासूनं, अनसाबाईनं, लेकाला दंडाला धरून देवळात तात्याबांपुढं उभं केलं. तात्याबा म्हणजे गावातले जुने माळकरी. त्यांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ पडली की बाटली सुटते, मटण-मासळी सुटते, असं लोक मानायचे. आणि ते अगदीच खोटं नव्हतं, गावातल्या दोघा-चौघांची सुटलीही होती.

तात्याबांनी माळ हातात घेतली आणि थांबले.

"एकट्याची माळ टिकत न्हाई, अनसाबाई. घरात वशाट शिजलं की गड्याचं मन मागं वळतं. जोडीनं घ्या. बाई पक्की ऱ्हायली तर गडी पक्का ऱ्हातो."

सुलक्षणा निमोण्याच्या धनगराची लेक. मेंढरांच्या पाठी चालत मोठी झालेली. सणावाराची मटणाची सागुती, बिरोबाच्या जत्रेतलं जेवण, पावसाळ्यात तव्यावर परतलेले सुके बोंबील, हे सगळं एका क्षणात सोडायचं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या दारूपायी. पण नवरा शुद्धीत घरी येणार असेल तर ती माती खायलाही तयार होती. तिनं मान पुढं केली. अनसाबाई मात्र म्हणाली, "माझं आता वय झालं, मला कशाला गुतवता?" तिला कुणी आग्रह केला नाही.

घर धुऊन निघालं. मटणाची पातेली मोडीत गेली, पाटा राखेनं घासला, कोंबड्या शेजारणीला दिल्या. आणि खरंच, दत्ता बदलला. दिवस मावळायच्या आत घरी यायला लागला. हातपाय धुऊन, तोंडात बडीशेप टाकून हरिपाठाला बसायला लागला. अंकिता, त्यांची थोरली, बापाचा आवाज ऐकला की पूर्वी कणगीमागं लपायची, ती त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायला लागली. सुलक्षणाला हे सगळं बघून रडू यायचं. आपण जिभेला बांध घातला म्हणून हा माणूस थांबलाय, असं तिच्या मनानं घेतलं. शेजारणीकडं बोंबील भाजले की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, मग ती दार लावून घ्यायची आणि गळ्यातली माळ मुठीत धरून बसायची. आपण ढिलं सोडलं तर तिकडं दौंडच्या रस्त्यावर त्याचा हात बाटलीकडं जाईल, ही भीती. वेडी म्हणावं तर वेडी, पण घरात सुख नांदत होतं ना.

अशी दोन वर्षं सरली. मग एक दिवस निमोण्याहून भावाचा, बाळासोचा, सांगावा आला. आईनं अन्न सोडलंय, भेटून जा.

सुलक्षणा एसटीनं गेली. आई, साखरबाई, अंथरुणाला खिळली असेल असं तिला वाटलं होतं. बघते तर म्हातारी चुलीपुढं बसलेली. लेक येणार म्हणून तिनं मेंढराचं मटण आणायला लावलं होतं आणि सुनेला बाजूला सारून स्वतः शिजवलं होतं. फुंकणी फुंकायचीही ताकद उरली नव्हती तिच्यात, जाळ भावजयीनं घातला. पण मसाला म्हातारीनंच टाकला.

आईनं तिला जवळ बसवलं. भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, त्यावर मऊ शिजलेली फोड ठेवली आणि हात पुढं केला.

"घे. ल्हानपणी पहिली फोड तुझीच असायची. माझ्या हातनं येवढा घास खा, मंग मी बी जेवते."

"आई, माळ हाय गं."

"माळ त्याच्या दारूला. तुझं त्वांड कशापायी बांधलं?"

"जोडीची हाय. मी मोडली तर त्यांची मोडंल."

"वन्सं, खावा की," भावजय हळूच म्हणाली. "कोण बघायला आलंय इथं?"

वास नाकातोंडात भरला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण या वेळी दत्ता दौंडला पोचला असेल, हाच विचार तिच्या डोक्यात आला आणि तिनं मान फिरवली. आईचा हात तसाच वर राहिला. मग तिनं तो खाली घेतला आणि घास ताटात ठेवला. ती जेवली नाही. सुलक्षणानं दूध-भाकरी कुस्करून तिच्या तोंडाशी नेली, तर म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं.

तो आठवडाही साखरबाईनं काढला नाही.

दिवसकार्य उरकून सुलक्षणा न्हावऱ्याला परतली. महिनाभरानं, भरदुपारी, डेअरीच्या चेअरमन आनंदरावांची जीप दारात उभी राहिली. आतून दोघांनी दत्ताला उतरवला. टेंपो रस्त्याकडेच्या चारीत गेला होता, दूध सगळं मातीत, आणि दत्ताच्या तोंडाचा भपकारा ओसरीपर्यंत येत होता. गळ्यात माळ नव्हती.

"माळ टेंपोच्या खान्यात असती त्याची," आनंदराव वैतागून म्हणाले. "दौंडच्या अलीकडं काढून ठिवतो, येताना घालतो. कोंबडी काय, बाटली काय, समदं चालू हाय. आन् हे काय आजचं न्हाई. माळ घातल्याच्या दुसऱ्याच महिन्यापास्नं. गावात कुणाला ठावं न्हाई? घरी त्रास देत न्हाई म्हणून आमी बी गप ऱ्हायलो."

सुलक्षणा मनात दिवस मोजायला लागली. दुसऱ्याच महिन्यापासून. म्हणजे आईनं घास धरला होता तेव्हाही. आई हात वर धरून बसली होती तेव्हा हा कुठल्यातरी ढाब्यावर कोंबडीची तंगडी चोखत होता. तिला वाटलं, पुढं व्हावं आणि याच्या थोबाडीत द्यावी.

तेवढ्यात तात्याबांना कुणीतरी बोलावून आणलं. माणसं ओसरीवर टेकली. आनंदराव काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी अनसाबाई डोळे पुसत म्हणाली, "गडी आसा उगाच घसरत न्हाई. घरातच कायतरी चुकलं आसंल."

तात्याबांनी सुलक्षणाकडं पाहिलं. "पोरी, तुझी माळ पक्की हाय ना?"

"म्हायेरी गेली हुती ती," अनसाबाई म्हणाली. "तिथं सागुती शिजली हुती, बाळासोच्या बायकूनंच सांगितलं मला दहाव्याला. खाल्लंस ना गं?"

दत्तानं मान वर केली. डोळे लाल, पण नजर एकदम हुशार झालेली.

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "माझं मन उगाच न्हाई फिरलं."

दुसऱ्या महिन्याचा हिशेब कुणी मांडला नाही. आनंदरावांनीही नाही, ते जीपच्या किल्लीनं कान कोरत बसले. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. नाही म्हटलं असतं तरी कुणाला पटणार होतं? आणि पटलं असतं, तरी ते 'नाही' तिलाच सहन होणार नव्हतं.

"व्हय," सुलक्षणा म्हणाली. "खाल्लं."

"किती?"

"प्वाटभर. आईनं भरवलं. ती बी जेवली माझ्यासंगं."

ओसरीवरच्या माणसांनी सुस्कारा सोडला. एकदाचं कारण सापडलं. तात्याबांनी सांगितलं, एकादशीला बाईनं निर्जळी उपास करावा, देवळात नाक घासावं, मग दोघांना नव्यानं माळ घालू. अनसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दत्ता सावरून बसला, तोंडावरून हात फिरवला.

"जाऊ द्या, तात्याबा," तो म्हणाला. "बाईमाणूस हाय. आईपुढं जीभ सुटली आसंल. मी काय मनात धरीत न्हाई."

"मन मोठं हाय गड्याचं," आनंदराव म्हणाले.

सुलक्षणा सगळ्यांना चहा टाकायला आत गेली. चुलीपुढं बसून तिनं तोंड उघडलं, आईच्या हातासमोर उघडायला हवं होतं तेवढं, आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून त्यात पदराचा बोळा कोंबला.